मुंबईला काम नसताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या उमरीच्या स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं, "कुठं निघालात?" आणि त्यानं "मुंबईला" असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काय काम काढलंत?" हैदराबादला निघालेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. हैदराबादला माणूस लग्नाला जातो, बांगड्या घ्यायला जातो, लेकरांना चारमिनार दाखवायला जातो. मुंबईला जायचं तर मात्र काम पाहिजे. मंत्रालयात फाईल अडकलेली असते, परळच्या टाटा रुग्णालयात कुणाला तरी दाखवायचं असतं, मुलाची मुलाखत असते, आझाद मैदानावर मोर्चा असतो. काम झालं तरी आणि नाही झालं तरी, रात्रीची गाडी धरून माणूस परत.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते काम नसताना मुंबईला जाण्याविषयी. म्हणजे नुसतं पाहायला. खिशात अर्ज नाही, हातात तपासणीचे कागद नाहीत, कुणाची चिठ्ठी नाही. ज्याला आपण पर्यटक म्हणतो, तसं.

आपल्या भागात असं का झालं, याला थोडा इतिहास आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची राजधानी हैदराबाद होती. कोर्टकचेरी तिकडे, शिक्षण तिकडे, बाजारही तिकडे. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. राजधानी बदलली, पण मुंबई दूरच राहिली. त्यात रेल्वे मीटरगेज. मनमाडला उतरायचं, बोचकी सांभाळत पलीकडच्या फलाटावर जायचं आणि मोठ्या गाडीत जागा मिळते का ते पाहायचं. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या घरात एखादा काका गिरणीत असायचा, त्याच्या खोलीवर उतरता यायचं. आपल्याकडे असे काका थोडे. त्यामुळं मुंबई आपल्यासाठी साहेबाच्या कचेरीसारखी झाली. बोलावणं आलं तरच जायचं.

आता गाडी बदलावी लागत नाही. संध्याकाळी उमरीत बसलं की सकाळी मुंबईला उतरता येतं. मात्र मनातली मीटरगेज अजून गेलेली नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी यजमानांच्या आजारपणात त्या परळला एका धर्मशाळेत चाळीस दिवस राहिल्या होत्या. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, "मुंबई कशी आहे हो?" त्या म्हणाल्या, "जिना, रांग अन् औषधाचं दुकान." चाळीस दिवसांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. तो तिथून फार तर तीन-चार किलोमीटरवर होता. कुणी अडवलं नव्हतं, पण दुःखात असलेल्या माणसानं समुद्र पाहायला जावं, हे त्यांना शोभेसं वाटलं नाही. पुढं नात तिकडं नोकरीला लागली आणि तिनं आजीला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् प्यायला एक घोट नाही." लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते पाहिलेल्या मुलखातली बाई दुसरं काय म्हणणार?

त्यांच्या या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, आणि मुंबई पाहताना ती लक्षात ठेवावी. मुंबईच्या नळाला येणारं पाणी समुद्राचं नाही, तसं शहरातलंही फारसं नाही. १८६०मध्ये विहार तलाव झाला, तो अपुरा पडला, मग १८९२ साली तानसाचं पाणी आलं, पुढं वैतरणा, भातसा. हे पाणी शंभर किलोमीटरवरून येतं, शहापूरकडच्या डोंगरांतून. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हे वाचायला मिळेलही, पण मराठवाड्यातला माणूस तो नळ पाहून चटकन ओळखतो. पाहणाऱ्याचं स्वतःचं गाव त्याच्या डोळ्यांत असतं, ते हे असं.

मुंबई हे जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक. जर्मनीतून, जपानातून, इंग्लंडातून माणसं येतात, हातात नकाशा घेऊन उन्हात फिरतात, माना वर करून इमारती पाहतात. आपण त्याच रस्त्यानं मंत्रालयाचा पास मिळेल ना या काळजीत खाली मान घालून जातो. ही मान वर करायला पैसे पडत नाहीत. देवगिरीतून जिथं उतरतो, तिथूनच सुरुवात करावी.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. आधीचं नाव व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणून जुनी माणसं अजून व्ही.टी. म्हणतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुरचनाकारानं ती उभारली. काम १८७८ला सुरू झालं, १८८८ला संपलं. दहा वर्षं. २००४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला, म्हणजे आपलं वेरूळ-अजिंठा ज्या यादीत आहे त्याच यादीत. स्टेशनातून बाहेर येऊन रस्ता ओलांडावा आणि समोरून पाहावं. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटावर हातात मशाल उंचावलेली एक मूर्ती आहे, तिचं नाव 'प्रगती'. भिंतींवर मोर, माकडं, पानं, फुलं कोरलेली आहेत आणि त्या कोरीव कामात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. हेमाडपंती देवळाचा खांब निरखून पाहणाऱ्या माणसाला हे काम परकं वाटणार नाही. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ची.

तिथून चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. तिथलं फ्लोरा फाउंटन हे कारंजं १८६४चं, आणि शेजारी मशाल धरलेल्या जोडीचं स्मारक. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून शंभराहून अधिक माणसांनी जीव दिले. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात गोळीबार झाला होता. ज्या राजधानीत आपण बिचकत वावरतो, ती आपल्याला कुणी दान दिलेली नाही, हे या चौकात उभं राहिलं की कळतं. मुलांना इथं दोन मिनिटं थांबवा आणि नावं वाचायला सांगा.

पुढं ओव्हल मैदान. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३०च्या सुमाराची गोल सज्जांची घरं. हे सगळं मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरलं. यातल्या राजाबाई टॉवरशी आपला, म्हणजे कापूस पिकवणाऱ्या मुलखाचा, एक धागा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर आला. त्यात ज्यांनी अमाप कमावलं त्यांतले एक प्रेमचंद रायचंद. युद्ध थांबल्यावर बाजार कोसळला, तेही कोसळले, पण त्यांनी दिलेल्या देणगीतून हा मनोरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव लागलं. १८७८ला तो पुरा झाला. उंची सुमारे ८५ मीटर. तो कापूस गुजरातचा, खानदेशचा, वऱ्हाडचा होता. उमरीला तेव्हा रेल्वेही नव्हती. पण काळ्या मातीत वाकून बोंडं वेचणाऱ्या बायांचे हात इथून तिथून सारखेच. हा मनोरा पाहताना तो आपल्याला अगदीच परका वाटू नये, एवढंच म्हणणं.

तसाच खाली चालत गेलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागतं. इमारत १९१४ला तयार झाली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथं दवाखाना थाटला गेला. लोकांसाठी ती १९२२ला उघडली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. आपल्याकडचे लोक बाहेरून फोटो काढून पुढं जातात. तिकीट काढून आत जावं, अर्धा दिवस द्यावा. दारातला पहारेकरी धोतराकडे पाहील, पाहू द्या. तिकीट काढलेल्या माणसाला मूर्तीसमोर हवा तेवढा वेळ उभं राहायचा हक्क आहे. अर्जदाराला कुणीही "उद्या या" म्हणू शकतं, पाहुण्याला कोण म्हणणार?

गेट वे ऑफ इंडिया सर्वांना माहीत आहे. १९११ साली इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज इथं उतरला, त्याची ही कमान. गंमत अशी की राजा आला तेव्हा कमान नव्हतीच, ती १९२४ला पुरी झाली. आणि तिच्यामागचं ताजमहाल हॉटेल तिच्याही आधीचं, १९०३चं. राजाच्या स्वागताच्या या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण बोटीत बसून निघून गेली. त्या दिवशी आपण मात्र अजून निजामाच्या राज्यात होतो. आपल्याला आणखी साडेसहा महिने थांबावं लागलं.

दुसरा दिवस घारापुरीला द्यावा. इंग्रजीत एलिफंटा म्हणतात, कारण पोर्तुगीजांना तिथं दगडी हत्ती दिसला. तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. गेट वेवरून लाँच सुटते, तासाभरात बेट येतं. सोमवारी लेणी बंद. भर पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. आणि एक गोष्ट आग्रहानं सांगतो. लाँचमध्ये जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि अंगात घाला. डिसेंबर २०२४मध्ये याच मार्गावर लाँचला अपघात होऊन माणसं दगावली. पोहता येणारी माणसं आपल्या भागात तशीही कमी.

घारापुरीची लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची. आतल्या अंधारात सुमारे वीस फूट उंचीचं, तीन मुखांचं शिवाचं शिल्प आहे. डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून घाई करू नये. वेरूळचं कैलास पाहिलेला माणूस इथं आला की मनात तुलना होतेच. दोन्हीकडे रावण कैलास हलवतो आहे, दोन्हीकडे शिवपार्वतीचा विवाह आहे. ही तुलना करायला विलायतेचा पर्यटक मुद्दाम दोन्हीकडे जातो. आपल्याला वेरूळ तर घरचंच आहे. आणखी एक गोष्ट त्या बेटावर पाहावी, ती म्हणजे तिथलं गाव. समोर मुंबईचे दिवे रात्रभर चमकतात, आणि या गावात कायमची वीज आली २०१८ साली. राजधानीपासून लांब असणं हे किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, हे तिथं समजतं.

तिसरा दिवस दादर आणि भायखळ्याचा. दादरला चैत्यभूमी आहे. मराठवाड्यातल्या हजारो घरांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती ६ डिसेंबरला. भाकरी बांधून, मिळेल त्या डब्यात बसून आलेली माणसं अभिवादन करून झाल्यावर लेकरांना गेट वे आणि राणीची बाग दाखवूनच परत जातात. काम नसताना मुंबई पाहण्याची रीत आपल्याकडे खऱ्या अर्थानं कुणी पाडली असेल, तर ती या माणसांनी. जवळच हिंदू कॉलनीत राजगृह आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात हे घर बांधलं, ते ग्रंथ ठेवायला नीट जागा असावी म्हणून. त्यांनी मुंबईत १९४६ला सिद्धार्थ महाविद्यालय काढलं आणि १९५०ला औरंगाबादला मिलिंद. आपल्याकडच्या किती घरांत पहिला पदवीधर मिलिंदमुळं झाला, ते वेगळं सांगायला नको. घर आणि पुस्तकं यांचं नातं मुलांना दाखवायचं असेल तर राजगृहासमोर उभं करावं.

राणीची बाग बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावं. नाहीतर लेकरं फाटकापाशी रडतात.

आता थोडं व्यवहाराचं. जायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोयाबीन घरात आलेलं असतं, तुरीला अवकाश असतो आणि मुंबईची हवा सोसवते. लोकलमध्ये सकाळी चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या, संध्याकाळी तिकडून सुटणाऱ्या गाड्या टाळाव्यात. दुपारी निवांत बसायला मिळतं. रविवारी गर्दी कमी, पण रुळांच्या कामासाठी मेगाब्लॉक असतो, चौकशी करून निघावं. जलद गाडी सगळीकडे थांबत नाही, ते चढण्याआधी पाहावं. २०२५पासून भुयारी मेट्रो पार कफ परेडपर्यंत जाते. जमिनीखालून गाडी कशी जाते ते मुलांना एकदा दाखवावं. म्हाताऱ्या माणसांना दिवसाला दोनच ठिकाणं दाखवावीत आणि मधे बसायला वेळ द्यावा. बायकांची अडचण आधी विचारात घ्यावी. संग्रहालयं, मोठी स्टेशनं इथं सोय असते, त्याप्रमाणं दिवस आखावा. नातेवाइकाच्या घरी उतरणार असाल तर तिथल्या खोल्या आपल्या वाड्यासारख्या नसतात, दोन माणसं वाढली की घरच्यांना पाय पसरता येत नाहीत. सात जण मिळून जाणार असाल तर दादर-गिरगावकडे धर्मशाळा किंवा साधं लॉज पाहावं. मग पाहुणचाराचं ओझं राहत नाही, दोन्हीकडे.

कुणी म्हणेल, कर्जबाजारी मुलखाला हे कसलं चोचलं सांगता? प्रश्न रास्त आहे. पण आपण यात्रा कधी सोडली आहे का? माळेगावच्या खंडोबाला, पंढरपूरला, बासरला आपण दुष्काळातही जातो. पंजाबातला साधा शेतकरी हजारो मैलांवरून नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला येतो, आणि दर्शनानंतर गोदावरीचा घाट पाहतो, बाजारात हिंडतो, आपल्याला नावगाव विचारतो. तो आपल्या शहरात संकोचत नाही. तीन दिवसांची मुंबई एका बैलाच्या किमतीहून पुष्कळ कमी पैशांत होते. आणि त्यात मिळतं ते असं की पुढच्या वेळी मंत्रालयाच्या दारात उभं राहायची पाळी आली, तर ते शहर पाहिलेलं असतं. रस्ते माहीत असतात. आवाज चढा नसला तरी पडलेला नसतो. दवाखान्यात जायची वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच, तर संध्याकाळी घटकाभर जाऊन बसायला समुद्र कुठं आहे हे माहीत असतं. त्या मावशींना तेवढंही माहीत असतं तर चाळीस दिवस थोडे हलके गेले असते.

आणखी एक लाभ परत आल्यावर होतो. मुंबईत दगडावरच्या तारखा वाचायची सवय लागलेलं मूल घरी आलं की उमरीतही प्रश्न विचारू लागतं. ३० जानेवारी १९४८ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून ते पैसे मुक्तिसंग्रामाला दिले, ती बँक कुठं होती? कापसाच्या बाजारानं त्या वेळी एवढा पैसा इथं कसा आला? जिनिंगचा हा भोंगा कधी बंद पडला? या प्रश्नांची उत्तरं ज्यांना ठाऊक आहेत, अशी म्हातारी माणसं अजून आपल्यात थोडी आहेत. मुलांनी विचारायला यावं, म्हणून त्यांची वाट पाहणारी.

तेव्हा या हिवाळ्यात तिकिटं काढा. स्टेशनवर कुणी विचारलं, "काय काम काढलंत?" तर खुशाल सांगा, "काही नाही, आपली राजधानी आहे, पाहून येतो."